आवाजच नाही आला

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंचं पातेलं परत द्यायला गेलो होतो. जाड बुडाचं, रुंद तोंडाचं, दूध आटवायला अगदी हवं तसं. आमच्याकडे तसं भांडं नाही, त्यामुळे कोजागरीला ते हक्काने आणतो. काकूंनी पातेलं हातात घेतलं, कडेला धरलेली साय नीट निघालीय ना ते नख फिरवून बघितलं आणि सहज म्हणाल्या, "काल तुमच्याकडे माणसं होती ना रे? गच्चीवर जाताना दारावरूनच गेले मी. आवाजच नाही आला." मग जरा थांबून, समजुतीच्या सुरात, "पुढच्या वर्षी तुम्हीही वरच या. हाऊजी असते, गाणी असतात. तेवढंच चार माणसांत." काकूंच्या बोलण्यात टोमणा अजिबात नव्हता. आजारपणात आम्हाला डबा पोचवणारी बाई ती. त्यांना खरंच वाटलं असणार की आमच्याकडचा बेत फसला, आणि माणसं घड्याळाकडे बघत दूध पिऊन उठून गेली.

आम्ही सहा जण होतो आणि रात्री साडेबारापर्यंत बोलत होतो.

हे काकूंना सांगता आलं असतं. सांगितलं नाही, कारण ते पटवून देण्यासारखं काही असतं असं मला वाटत नाही. पण ते वाक्य दिवसभर डोक्यात राहिलं. माणसं जमली की आवाज व्हायला हवा, हे आपल्याकडे इतकं गृहीत आहे की शांत बसलेल्या घोळक्याकडे कुणी आलं तर पहिला प्रश्न येतो, "काय झालं? सगळे असे गप्प का?" आणि मुळातच कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल तर निकाल कधीच लागलेला असतो: त्याला माणसं आवडत नाहीत. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने १९२१ साली माणसांच्या स्वभावांची मांडणी केली, तेव्हा अंतर्मुख माणसाचं वर्णन करताना त्याच्या मनाचा ओढा आत असतो असं म्हटलं. माणसं नकोशी असतात असं काही त्यात नव्हतं. शंभर वर्षं उलटून गेली, तरी लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरून बसलेल्या माणसाला कुणीतरी दंडाला धरून उठवतंच. मला माणसं लागतात. बरेच दिवस कुणी घरी आलं नाही की मी बेचैन होतो, बायकोला विचारतो, "कुणाला बोलवायचं का?" ती हसते, कारण तिला दिवसभरात जिन्यात, भाजीवाल्यापाशी, लिफ्टमध्ये पुरेशी माणसं भेटलेली असतात. मला जिन्यात भेटलेली माणसं पुरत नाहीत. मला दोन-तीन तास हवे असतात, आणि समोरचा माणूस अर्ध्या वाक्यात थांबला तर ते वाक्य पुरं होईपर्यंत वाट बघणारी मंडळी हवी असतात.

या सगळ्याचं मूळ शोधत गेलो की मी साताऱ्याच्या जुन्या घरात पोचतो. चैत्रातलं हळदीकुंकू. पाळण्यात बसवलेली गौर, पायऱ्यापायऱ्यांची आरास, कलिंगडाचं कापलेलं कमळ, आणि सगळ्या घराला कैरीच्या डाळीचा आंबट-हिरवा वास. संध्याकाळी पाचपासून बायका यायला लागायच्या, ओटी आणि पडवी भरून जायची. एरवी घरी चार पाहुणे आले तरी मी माळ्यावर जाऊन बसायचो. पण त्या दिवशी नाही, कारण त्या दिवशी गुलाबदाणी माझ्याकडे असायची. चांदीची, लांब मानेची, वरच्या टोकाला बारीक भोकं. ती उलटी करून झटकायची नसते, मनगटातून हलका हिसका द्यायचा असतो, म्हणजे पाणी तुषारासारखं उडतं; जोर जास्त झाला तर मोठे थेंब पदरावर पडतात. आलेली प्रत्येक बाई क्षणभर माझ्यासमोर थांबायची, डोळे मिटायची, मान किंचित पुढे करायची. मी शिंपडायचो. ती डोळे उघडून हसायची आणि पुढे जायची. मला एक अक्षरही बोलावं लागायचं नाही आणि तरी संध्याकाळभरात मी आळीतल्या झाडून सगळ्या बायकांना भेटलेला असायचो. कुणाच्या भुवईवर तीळ आहे, कोण डोळे घट्ट मिटतं, कोण एक डोळा किलकिला ठेवतं, हे मला आजही आठवतं. त्या वयात गर्दीत मला इतकं सुखाचं वाटलेलं दुसरं काही नाही.

मोठेपणी तेच काम मी पंगतीत शोधून काढलं. हल्ली बुफे असतो, त्यामुळे ती संधी क्वचित मिळते, पण गावाकडच्या कार्यात अजून पानं मांडली जातात आणि मी मठ्ठ्याचा जग उचलतो. वाढणाऱ्याला प्रत्येकापाशी वाकावं लागतं, "घ्या ना थोडा" एवढंच म्हणावं लागतं, समोरचा पानावर हात आडवा धरतो किंवा वाटी पुढे करतो. तेवढ्यात नजरानजर होते. एखादे मामा हळूच विचारतात, "काय रे, बरा आहेस ना?" आणि त्या विचारण्यात, मांडवात खुर्च्या जोडून तासभर केलेल्या गप्पांपेक्षा जास्त काही असतं. हाताला काम असलं की माझं तोंड आपोआप मोकळं होतं. पंगतीत माणसं शेजारी शेजारी बसतात, समोरासमोर नाही, हेही मला फार शहाणपणाचं वाटतं. शेजारच्याशी बोलता येतं आणि पानाकडे बघत गप्पही राहता येतं. दोन्ही चालतं.

पण हळदीकुंकवाची आठवण काढताना आजीच्या बहिणीला वगळून पुढे जाता येत नाही. ती आमच्याकडेच असायची, लहान वयात विधवा झालेली. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात असायची. डाळ तिने वाटलेली, कैरी तिने किसलेली, पन्ह्यात वेलची तिने घातलेली, आणि बाहेर एवढ्या बायका जमलेल्या असताना ती चुलीपाशी पाटावर बसून वाट्या भरून द्यायची. वाट्यांचं ताट न्यायला मी आत गेलो की ती विचारायची, "कोण कोण आलंय?" मी नावं सांगायचो. ती प्रत्येक नावावर थांबायची. "तिची सून आलीय का? कशी आहे दिसायला?" लहानपणी मला वाटायचं, तीही माझ्यासारखीच आहे, तिलाही आत शांत बसायला आवडतं. एकदा माझ्या आईनेच गौर विसर्जनाच्या आदल्या दिवशी दुपारी मुद्दाम तिच्या दोघी मैत्रिणींना बोलावलं, हळदीकुंकवाचं काही नाही, नुसतं डाळ-पन्हं. तेव्हा ती जी बोलायला लागली! बाहेरच्या खोलीपर्यंत हसणं ऐकू येत होतं. नकला करत होती, जुन्या म्हणी सांगत होती, मध्येच डोळ्याला पदर लावत होती. आयुष्यभर चारचौघांत बसायची हौस असलेली बाई आम्ही दरवर्षी चुलीपाशी बसवून ठेवली होती. ज्या रिवाजाने मला गर्दीत जागा दिली, त्याच रिवाजाने तिची काढून घेतली होती. आजकाल काही घरांतून सगळ्याच बायकांना बोलावतात, सगळ्यांना कुंकू लावतात. ते ऐकलं की मला बरं वाटतं, आणि ती बघायला नाही याचं वाईटही वाटतं. माझ्या घरी कुणी गप्प बसलं तर ते त्याच्या मनाने बसलेलं असावं, याबद्दल मी जो इतका हळवा आहे तो बहुधा तिच्यामुळे.

त्या हळदीकुंकवात आणखी एक गोष्ट होती, तिचं मोल मला फार उशिरा कळलं. आलेल्या बाईला निघायचं असलं की ती म्हणायची, "कुंकू लाव गं, निघते." झालं. कुणी रागवायचं नाही, कुणी "इतक्यात कुठे?" म्हणून ओढून बसवायचं नाही. कुंकू लागलं की निघणं ठरलेलं. कुणी दहा मिनिटांत निघायची, कुणी तासाभराने. पण उठायला एक सोय होती. २०२१ साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी माणसांची संभाषणं कधी संपतात आणि खरं तर ती कधी संपायला हवी होती, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोघांनाही हवं होतं तेव्हाच संपलेली संभाषणं त्यांना दोन टक्क्यांच्या आसपास सापडली. कुणाला आधीच थांबायचं होतं, कुणाला अजून बोलायचं होतं, आणि दोघंही भिडेपोटी एकमेकांना ते सांगत नव्हते. ते वाचलं तेव्हा मला आमची ओटी आठवली. आपल्याकडे निघण्याच्या वेळेला वस्तू नेमून दिलेल्या होत्या. हळदीकुंकू, पानसुपारी, जेवणाच्या शेवटचा ताकभात. माझ्यासारख्या माणसाला माणसांमध्ये जाण्याची भीती फारशी नसते, बाहेर कसं पडायचं याची काळजी जास्त असते. दार कुठे आहे हे दिसत असलं की मी निवांत बसतो.

म्हणून आमच्या घरी कोजागरीचं दूध शेवटी येतं. आधी खाणं, मग गप्पा, आणि दूध पिऊन झालं की ज्याला निघायचं त्याने निघावं. हे बोलावतानाच सांगतो. "साडेआठला या, साडेअकराच्या सुमाराला दूध" असा निरोप असतो. सुरुवातीला बायकोला हे विचित्र वाटायचं. पाहुण्यांना निघायची वेळ सांगतात का कुठे? पण जे येतात त्यांना ते बरं वाटतं, असं आता तीच म्हणते. लहान मूल घरी ठेवून आलेल्या मैत्रिणीला सारखं घड्याळ बघावं लागत नाही. आणि गंमत अशी की निघायची मुभा असली की माणसं रेंगाळतात.

किती जणांना बोलवायचं यावर मी फार विचार करतो. सहाच्या वर गेलं की माझं लक्ष फाटतं. एकाचं बोलणं ऐकताना दुसऱ्याकडे कुणी बघत नाहीये हे दिसत राहतं आणि मग कुणाचंच नीट ऐकून होत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली माणसांच्या सहज जमलेल्या घोळक्यांची निरीक्षणं मांडली होती: एका संभाषणात साधारण चार जण मावतात, पाचवा आला की थोड्याच वेळात त्याची दोन संभाषणं होतात. आपल्या दिवाणखान्यात हे कुणीही पडताळून बघावं. सहा जण असले की कधी तीन-तीन होतात, कधी दोघं उठून गच्चीच्या कठड्यापाशी जातात आणि चौघं उरतात, आणि काही वेळाने सगळे पुन्हा एका विषयाभोवती गोळा होतात. ही जी आत-बाहेर ये-जा असते ती मला फार आवडते. आणि कोण कुणाला ओळखतं यापेक्षा कोण कुणाचं ऐकून घेईल याचा विचार मी आधी करतो. आमच्या मित्रांत एकजण उत्तम बोलतो, मनाने सोन्यासारखा आहे, पण तो असला की बाकीचे श्रोते होतात. त्याला मी एकट्याला जेवायला बोलावतो. त्याच्याशी दोघांतल्या गप्पा फार रंगतात.

खाणं असं हवं की आधी करून ठेवता येईल, पण अगदी शेवटचं एखादं काम हातात उरेल. दडपे पोहे यासाठी बनलेले आहेत. पातळ पोहे, भरपूर ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, मीठ, साखर, लिंबू, आणि भिजवायला नारळाचंच पाणी. कालवून, वर ताटली आणि ताटलीवर वरवंटा ठेवून दोन तास विसरून जायचं. माणसं येऊन बसली, पाणी झालं, पहिल्या दहा मिनिटांचं "रस्त्यात गर्दी होती का" वगैरे झालं, की मी उठतो. फोडणी द्यायची असते, पापड भाजून वरून चुरायचा असतो. स्वयंपाकघरातली ती पाच मिनिटं मला लागतात. हिंग-मिरचीचा ठसका उठतो, बाहेरून बोलण्याचे तुकडे ऐकू येतात, आणि त्या आवाजांची सवय होते. बहुतेक वेळा कुणीतरी मागोमाग आत येतंच, "काही करू का?" म्हणत. त्याच्या हातात पापड द्यायचा. त्या संध्याकाळचं पहिलं खरं बोलणं मग ओट्यापाशी होतं.

माणसं यायच्या आधीचा तास मात्र मला जड जातो. उशांचे अभ्रे बदललेले असतात, पेले पुसून मांडलेले असतात, आणि मनात कुठेतरी येत राहतं की आता फोन यावा, पाऊस पडावा, बेत रद्द व्हावा. यंदा खरोखरच सात वाजता एकाचा फोन आला, जमेल असं वाटत नाही म्हणून, आणि माझा चेहरा पडला. आम्ही सहाऐवजी पाच असणार या विचाराने मी तो सहावा पेला उगाचच आत-बाहेर नेत राहिलो. शेवटी साडेनऊला तो आलाच. तेव्हा झालेला आनंद आणि त्याआधी तासभर केलेली पावसाची इच्छा, दोन्ही माझेच, आणि मी दोन्हींना आता जागा देतो.

दूध मी सगळ्यांसमोर आटवतो. गॅसची छोटी शेगडी आमच्या लहानशा गच्चीवर आणून ठेवतो आणि पातेलं मंद आचेवर चढवतो. दूध आटताना बघत बसणं हे आळीपाळीने करायचं काम आहे. कडेला साय धरते, ती उलथन्याने सोडवून परत दुधात ढकलायची, बुडाशी लागू नये म्हणून तळ खरवडत राहायचं. पांढरं दूध हळूहळू हस्तिदंती होतं, बुडबुडे मोठे आणि सुस्त होतात. मग साखर, कोमट दुधात भिजवलेलं केशर, वेलची, चारोळी, बदाम-पिस्त्याची भरड. जायफळ सगळ्यात शेवटी, आणि बेतानेच. उलथनं ज्याच्या हातात असतं त्याने दुधाकडे बघितलं तरी चालतं, आणि उलथनं हातात आहे म्हणूनच की काय, यंदा एकजण वडिलांबद्दल बोलला. त्यांना आता नावं आठवत नाहीत. मुलाला ते 'अहो' म्हणतात. तो दुधाकडे बघत सांगत होता आणि आम्ही पाच जणही दुधाकडेच बघत होतो. सोसायटीच्या गच्चीवरून हाऊजीचे आकडे ऐकू येत होते. त्याचं सांगून झालं तेव्हा कुणी लगेच काही बोललं नाही. बऱ्याच वेळाने मैत्रिणीने विचारलं, "मग तू काय म्हणतोस त्यांना?" तो म्हणाला, "मीही अहो म्हणतो. त्यांना बरं वाटतं." चंद्र तोवर माथ्यावर आला होता. पातेलं उतरवून आम्ही ते थोडा वेळ तसंच उघड्यावर ठेवलं, आणि मग पेले भरले.

सगळे गेल्यावर दमणूक येते, ती मला नाकारता येत नाही. अंग आंबून जातं, डोक्यात सगळ्यांचे आवाज एकदम बोलत राहतात. भांडी मी रात्रीच घासतो. गरम पाणी, एकेक पेला, दुसऱ्याचं कुणाचं बोलणं नाही. बायको झोपायला गेलेली असते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कुणालाही भेटत नाही आणि फोनही शक्यतो घेत नाही. हा दिवस बेताचाच भाग आहे, तारीख ठरवतानाच तो मोकळा ठेवलेला असतो. पूर्वी मी तो ठेवत नसे, कारण विश्रांती लागणं म्हणजे आपल्याला माणसं झेपत नाहीत असं वाटायचं. डोंगर चढून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी पाय शेकत बसतो. त्याला डोंगर आवडत नाही असं कुणी म्हणत नाही.

आता हुरड्याचे दिवस येतील. करमाळ्याकडे एका मित्राची शेती आहे, ज्वारीच्या एका कोपऱ्यात तो गूळभेंडी लावतो, खास हुरड्यासाठी. शेतावर हुरडा पार्ट्यांचे मोठे बेत हल्ली सगळीकडे असतात, झोके, बैलगाडी, ध्वनिक्षेपक, सगळं. हा मित्र तसलं काही करत नाही. खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी पेटवतो, कणसं निखाऱ्यात खोचतो आणि भाजलेलं कणीस आपल्या हातात देतो. ते तळहातांत चोळायचं, चटके बसत असतानाच. कोंडा फुंकून उडवायचा, हिरवे मऊ दाणे उरतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. हात भरलेले असतात, तोंड भरलेलं असतं, सगळे गोल बसून विस्तवाकडे बघत असतात. परवा त्याचा फोन आला. म्हणाला, पेरणी यंदा लांबली, म्हणून दाणा भरायला जानेवारी उजाडेल, संक्रांतीच्या पुढे-मागे या. किती जण येताय? मी म्हटलं, एका गाडीत मावतील तेवढे.

आम्ही दोघं, दुधापाशी वडिलांबद्दल बोलला तो, आणि ती मैत्रीण. मागच्या सीटवर एक जागा उरते. आमच्या ऑफिसात नव्याने लागलेला एक मुलगा आहे, नांदेडकडचा. दुपारी सगळे कॅन्टीनमध्ये जातात तेव्हा तो जागेवरच डबा उघडतो, आणि कुणी जवळून गेलं की मान वर करून बघतो. त्याला सोमवारी विचारीन म्हणतो. आपण किती जण आहोत, किती वाजता निघू, परत किती वाजता पोचू, हे सगळं त्याला आधीच सांगेन. आणि चटणी तुझ्याकडची आण, असंही सांगेन.